उंबरवाडीची शिफारस

लातूर
९ नोव्हेंबर १९८६

ति. केरबामामांस,
तुमच्या भाचीचा जयभीम.

माय बरी आहे. अजून रोजगार हमीच्या कामावर जाते. मी म्हटलं, आता मला पगार आहे, तू बसून खा. तर म्हणते, "बसून खायाला मी काय कलेक्टर हाय का?" लातूर जिल्हा झाल्यापासून तिला कलेक्टरशिवाय दुसरा दाखला सुचत नाही. जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी निम्मी दफ्तरं भाड्याच्या घरांत आहेत. आमच्या तालुका दूध संघाचंही तसंच. एका लग्नाच्या हॉलमागच्या दोन खोल्यांत आम्ही बसतो आणि लग्न असलं की बँडच्या आवाजात दुधाचे आकडे ओरडून सांगतो. पाऊस यंदाही दगा देऊन गेला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा.

मामा, एक गोष्ट सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगते. मी परदेशातल्या एका व्यवस्थापनाच्या शाळेत अर्ज करणार आहे. शाळा फिलिपाइन्स देशात, मनिला शहरात आहे. पुष्कळ देशांतले लोक तिथं शिकायला येतात. धंदा कसा चालवावा, संस्था कशी उभी करावी आणि टिकवावी, हे दोन वर्षं शिकवतात. संघानं मला गुजरातेत प्रशिक्षणाला पाठवलं होतं, तिथल्या एका बाईंनी माहितीपुस्तक दिलं. निवड झाली तर शिष्यवृत्ती आहे, पैशाची काळजी करू नका.

एक लेखी परीक्षा हैदराबादला, दोन निबंध, दोन शिफारशी आणि शेवटी मुलाखत. सगळे कागद फेब्रुवारीअखेर मनिलाला पोचले पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, आपल्या घरात बी.कॉम. झालेली तू पहिली, नोकरी लागली, आता आणखी काय? दुष्काळात एकेका गावची दूध संस्था बंद पडते तेव्हा तिचा शेवटचा ताळेबंद मी करते. आकडे मला जुळवता येतात. पण शेजारच्या गावची संस्था मेली आणि हीच का जगली, हे मला नीट सांगता येत नाही. ते मला शिकायचं आहे, आणि शिकून इथंच परत यायचं आहे.

मायला अजून सांगितलं नाही.

तुमची
पंचशीला


किनवट
२० नोव्हेंबर १९८६

चि. पंचशीला हिस केरबामामाचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारच्या गाडीनं आलं. मी वसतिगृहाच्या पोरांना जेवायला वाढून राहिलो होतो. एका हातात वरणाचं भगुणं, दुसऱ्या हातात तुझं पत्र. वरण कुणाच्या ताटात पडलं, कुणाच्या मांडीवर, मला ठाऊक नाही. नंतर भिंतीवरच्या नकाशात मनिला शोधलं. आता पोरं येता-जाता तिथं बोट लावतात. त्या जागेचा रंग उडायच्या आत तू तिथं पोच.

आता कामाचं. दरखास्त परदेशी असो की तहसीलची, माणूस पाहिजे. आमच्या आमदारांचा भाचा माझ्या हाताखालून गेला आहे. मी परवाच त्यांच्याकडं जाऊन आलो. लेटरहेडवर चिठ्ठी घेतली, सोबत पाठवतो. 'सदर मुलगी सुशील, होतकरू व चांगल्या चालीची असून मी तिला व्यक्तिशः ओळखतो' असं लिहिलं आहे. शिक्का गोल आणि ठसठशीत उठला आहे.

निबंधात गरिबी लिही. तुझी माय दगड फोडती ते लिही. तू हॉस्टेलात एका पातळावर वर्ष काढलंस ते लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. मात्र जातीपातीचं काही काढू नको. गरिबीची लाज नसते. दुसरं जे आहे, ते समुद्रापलीकडच्या लोकांना कशाला कळवायचं?

मायला सांग. ती आरडाओरडा करंल, मग शेजारपाजाऱ्यांना सांगत फिरंल. तिचं तसंच असतं.

तुझा
मामा


लातूर
४ डिसेंबर १९८६

ति. मामांस जयभीम.

मायला सांगितलं. आरडाओरडा झाला. आता साऱ्या गल्लीला मनिला माहीत आहे. फक्त ते मुंबईच्या पुढं दोन स्टेशनांवर आहे, असा तिचा समज आहे.

आमदारांची चिठ्ठी मिळाली. रागावू नका, पण ती चालणार नाही. शिफारशीच्या कागदावर पहिलाच प्रश्न आहे, अर्जदाराला तुम्ही कोणत्या कामात पाहिलं? आमदारांनी मला कशातच पाहिलेलं नाही. एक शिफारस आमच्या संघाचे मॅनेजर देणार आहेत. दुसरी अशा माणसाची हवी, ज्यानं माझ्याबरोबर काम केलं आणि माझ्या कामाचा ज्याच्यावर परिणाम झाला. मी रेवणप्पांना विचारलं.

रेवणप्पा म्हणजे औशाजवळच्या उंबरवाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन. मोठे शेतकरी. आधी भांडतात, मग ऐकतात. माझ्याशी जितकं ते भांडले तितकं दुसरं कुणी भांडलं नाही, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी सातवी पास माणूस, मी तुला काय परदेशी धाडणार?" मी म्हटलं, तुम्ही मराठीत लिहा, तुमचा सेक्रेटरी मन्मथ इंग्रजीत उतरवील. नियम असा आहे की त्यांनी ते मला न दाखवता लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि चिकटवलेल्या तोंडावर सही करायची. मी ते तसंच पाठवायचं.

गरिबी मी लिहिणार नाही. डोळ्यात पाणी आलं म्हणून कुणी मला घ्यावं, असं मला नको. काम बघून घ्यावं. उंबरवाडीबद्दल लिहिलं आहे. दुष्काळात जनावरं विकली गेली, दूध घटलं. निदान एक कॅन भरला नाही तर संघाची दुधाची गाडी त्या गावात थांबत नाही, आणि गाडी थांबली नाही की संस्था संपली. अशा वेळी 'मी सर्व उत्पादकांचा सहभाग वाढवून संकलन टिकवले'. निबंधाचा मराठी मसुदा सोबत आहे. वाचून कसा वाटतो ते कळवा.

तुमची
पंचशीला


किनवट
१६ डिसेंबर १९८६

चि. पंचशीला हिस जयभीम व आशीर्वाद.

चिठ्ठी चालणार नाही म्हणतेस. बरं. तो गोल शिक्का मी तुझ्या लग्नपत्रिकेवर मारीन.

मसुदा तीनदा वाचला. भाषा चांगली आहे, चूक कुठं नाही. पण पोरी, 'सहभाग वाढवून' म्हणजे तू नेमकं केलंस काय? गावातली जनावरं विकली गेली होती ना? मग कॅन भरायला दूध आलं कुठून? मी हा निबंध मोठ्या पोरांना वाचून दाखवला. त्यांनीबी हेच विचारलं. एक तर म्हणाला, "सर, पाणी टाकलं असंल."

मीसुद्धा दरवर्षी वसतिगृहाच्या अहवालात 'सर्वांच्या सहकार्याने' असं लिहितो. जिथं लिहिण्यासारखं काही नसतं तिथं लिहितो, आणि जिथं काही लिहू नये असं असतं तिथंबी तेच लिहितो. तुझं कोणतं आहे?

थंडी लई आहे. पोरांच्या दोन घोंगड्यांचं अस्तर मी स्वतः शिवलं. मायला नमस्कार.

तुझा
मामा


लातूर
२८ डिसेंबर १९८६

ति. मामांस जयभीम.

हैदराबादची परीक्षा झाली. गणित सोपं गेलं, इंग्रजीत घाम फुटला. शेजारच्या बाकावर एक मुलगा होता, त्याचे वडील कारखानदार. त्यानं विचारलं, "तुमचा कसला बिझनेस?" मी म्हटलं, दुधाचा. तो म्हणाला, "किती म्हशी?" मी म्हटलं, सगळ्या तालुक्याच्या. मग तो पेन्सिलीला टोक काढू लागला. मला फार बरं वाटलं.

निबंधाचं राहू द्या. सहभाग म्हणजे सहभाग. पाणी टाकलेलं नाही, एवढं त्या मुलाला सांगा. आम्ही दूध तपासूनच घेतो.

घाईत आहे.

पंचशीला


लातूर
११ जानेवारी १९८७

ति. मामांस जयभीम.

घोटाळा झाला आहे. तुम्हाला सगळं लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी उंबरवाडीला गेले ते पाकीट आणायला. दूध घालायची वेळ होती. संस्थेच्या खोलीसमोर नेहमी रांग असते, त्या दिवशी घोळका होता. मधोमध खुर्चीत रेवणप्पा, घामाघूम. हातात माझ्या शिफारशीचा कागद. पाकीट फोडून खाली टाकलेलं. मी गाडीच्या आडोशालाच थांबले. कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

नंतर मन्मथनं सांगितलं ते असं. रेवणप्पांनी सांगितल्याप्रमाणं पाकीट चिकटवलं, तोंडावर सही केली. ते साखराबाईनं पाहिलं. ही गावातली मोठ्या घरची बाई, संस्थेची सभासद. त्या गावातून आजवर दोनदाच असं सही केलेलं बंद पाकीट बाहेर गेलं होतं. एकदा ग्रामसेवकाची बदली झाली, एकदा शाळेतल्या बाई गेल्या. तिकडं चांगलं बोलायचं ते चारचौघांत बोलतात. बंद पाकिटात जाते ती तक्रार. झालं! चेअरमननं पोरीची तक्रार लिहिली म्हणून घागरी पाण्याच्या टँकरखाली तशाच सोडून बायका आल्या.

"फोडा पाकीट."

"अगं, फोडता येत न्हाई. तसा नियम हाय."

"नियम कुणाचा? पोरगी आमची, दूध आमचं, अन् कागद तुमच्या एकट्याचा व्हय?"

शेवटी त्यांनी फोडलं आणि मन्मथला वाचायला लावलं. मी पोचले तेव्हा वाचन चालू होतं. चांगलं लिहिलं होतं, मामा. ही आली तेव्हा आम्ही हिला हसलो, असं लिहिलं होतं. पण ऐकणाऱ्यांचं समाधान होईना. "फॅटचं यंत्र तिनं आणलं, ते घाला." "माझी गाय आजारी पडली तवा सायकलवर डाक्टर बसवून आणला, ते घाला." रेवणप्पा घालत होते. मन्मथ म्हणाला, "कागद संपला." तेव्हा कुणीतरी म्हणालं, "उलटीकडून लिहा की."

मग मन्मथनं पुढचा प्रश्न वाचला, अर्जदाराची सर्वांत मोठी उणीव कोणती? रेवणप्पांनी ती जागा कोरी ठेवली होती.

"कोरी नगं," साखराबाई म्हणाली. "खोटं वाटंल. काहीतरी लिहा."

"लई बोलती, लिहा."

"बोलती म्हणून तर गाडी थांबती. ही का उणीव झाली?"

"वाळून गेलीय, लिहा. परदेशात वाऱ्यानं उडंल."

सगळे हसले. मलाही हसू आलं. तेवढ्यात साखराबाई म्हणाली, "मी सांगती खरी उणीव. मानी हाय. आमच्या गावात येऊन इतकी वर्षं झाली, कुणाच्या घरी घोटभर चहा घेतला न्हाई."

मागून भामाबाई बोलली. ती आपल्या बौद्ध वस्तीतली, एका गाईचं दूध घालते. ती भांडायला बोलली नाही, सहज बोलली. "घेती की. माझ्या घरी दर येळी घेती."

कॅनच्या झाकणाशी खेळणाऱ्या एका लहान पोरीला तिच्या आईनं उगीचच एक चापट दिली. रेवणप्पांनी पेन उघडलं आणि स्वतः लिहिलं. लिहिताना एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होते: "आमच्या घरी चहा घेत नाही. कारण आम्ही कधी विचारलं नाही. कारण आम्हाला ठाऊक आहे."

मग सही केली. बाकीच्यांनीही सह्या केल्या, अंगठे उठवले.

आता तो कागद माझ्यासमोर आहे. गुप्त असायचा तो साऱ्या गावानं वाचला, मीही ऐकला. नियम मोडला. माझ्याकडं एक कोरा जादा कागद आहे. रेवणप्पांना नवीन लिहायला सांगता येईल. काय करू?

पंचशीला


किनवट
१७ जानेवारी १९८७

चि. पंचशीला,

यात विचारायचं काय आहे? नवीन कागदावर नवीन लिहून घे. पाकीट चिकटव, सही घे, टपालात टाक. झाल्या गोष्टीचा मनिलात कुणाला पत्ता लागणार आहे?

आणि ते चहाचं वाक्य तर समुद्र ओलांडून जाताच कामा नये. मी तुला आधीच लिहिलं होतं. छप्पन साली मी पोरसवदा होतो. तेव्हापासून आम्ही एकच गोष्ट करत आलो, ती म्हणजे आमच्या पोरांकडं बघताना कुणाला आधी ती गोष्ट दिसू नये. तुझं नाव तुझ्या बापानं नाही, मी ठेवलं आहे. आणि आता तू स्वतःच्या हातानं ते पाकिटात घालून पाठवणार? ते लोक तुझे मार्क बघणार नाहीत, तुझी परीक्षा बघणार नाहीत. 'बिचारी' म्हणतील. तूच लिहिलं होतंस, तसं नको म्हणून.

रेवणप्पा भला माणूस दिसतो. पण त्याच्या मनाचं ओझं उतरवायला तुझा अर्ज नाही.

नवीन लिहून घे. माझं ऐक.

मामा


लातूर
२६ जानेवारी १९८७

ति. मामांस जयभीम.

आज झेंडावंदनाहून येऊन लिहायला बसले. तुम्हाला हे आवडणार नाही. मी तोच कागद पाठवला.

तुमचं पत्र आल्यावर मी कोरा कागद घेऊन खरंच औशापर्यंत गेले होते. स्टँडवर बसून स्वतःचा निबंध पुन्हा वाचला. तुम्ही विचारलं होतं ना, दूध आलं कुठून? त्याचं उत्तर मी तुमच्यापासूनही लपवलं.

दूध भामाबाईकडून आलं. आपल्या वस्तीतल्या काही घरांना सरकारी योजनेतून गाई मिळाल्या होत्या, पण त्यांचं दूध संस्था घेत नव्हती. "वेगळा कॅन आणा," म्हणायचे. वेगळा कॅन भरेल इतकं दूध वस्तीत नव्हतं. ते औशाच्या हॉटेलात पडेल त्या भावानं जायचं. गेल्या उन्हाळ्यात गावाचाही कॅन भरेना. मी रेवणप्पांना म्हटलं, दोन्हीकडचं मिळून एक कॅन भरतो, पण तो एकच कॅन असंल. त्यांनी मला हाकलून दिलं. तरी मी वस्तीचं दूध त्याच कॅनमध्ये घ्यायला लागले, तशी काही घरांनी दूध बंद केलं. गाडी न थांबता माझ्या अंगावर धूळ उडवत निघून जायची आणि मी रस्त्यावर अर्धा कॅन घेऊन उभी असायची. भामाबाई शेजारी उभी असायची. एका सकाळी रेवणप्पा स्वतः चरवी घेऊन आले, भामाबाईच्या मागं उभे राहिले आणि तिचं ओतून झाल्यावर त्याच कॅनमध्ये आपलं ओतलं. दुसऱ्या दिवशी रांग लागली.

आणि चहा. मी पहिल्यांदा उंबरवाडीला गेले ते याच रेवणप्पांच्या घरी. चहा आला. मग आतून कुणीतरी आडनाव विचारलं. चहाची कपबशी आत गेली आणि बाहेर आला तो वळचणीला ठेवलेला कानतुटका कप. मी म्हटलं, मी चहा घेत नाही.

हे सगळं मी निबंधात 'सहभाग वाढवून' या दोन शब्दांत गुंडाळलं होतं. मला काम बघून घ्या म्हणत होते आणि कामच झाकून ठेवलं होतं. मामा, मी आजवर जे काही केलं त्यात सगळ्यांत अभिमानाचं हे आहे. यात मी बिचारी कुठं आहे? गाडीला हात करून उभी होते ती मी.

निबंध नव्यानं लिहिला. शिफारशीला स्वतःची एक चिठ्ठी जोडली: पाकीट का फोडलं गेलं, मी काय ऐकलं, आणि हा कागद बाद करायचा झाल्यास माझी तक्रार नाही. मन्मथनं सगळ्याचं इंग्रजी केलं. चहाच्या वाक्यावर तो बराच वेळ थांबला होता. मग रेवणप्पांनी जसं लिहिलं होतं, तसंच उतरवलं.

तुमचं ऐकलं नाही. पहिल्यांदाच.

पंचशीला


लातूर
१९ मार्च १९८७

ति. मामांस जयभीम.

दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. माय म्हणते, "भाऊ माझा हाय, रुसंल, मग येईल." तुम्ही आजारी तर नाही ना?

मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. हैदराबादला, पुढच्या महिन्यात. मी मुद्दाम नांदेडवरून जाणाऱ्या गाडीनं जाईन; तुम्ही नांदेड स्टेशनवर आलात तर पाच मिनिटं भेट होईल. नाही आलात तरी मी खिडकीतून बघेनच.

पंचशीला


किनवट
२५ मार्च १९८७

चि. पंचशीला हिस,

आजारी नाही. रागावलो होतो, हेही खरं नाही. भ्यालो होतो. तुझ्या पत्राला काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून वसतिगृहाच्या भिंतींना चुना मारत बसलो. सगळ्या भिंती संपल्या.

मुलाखतीला ताठ बस. कुणी काही विचारलं तर आधी एक श्वास घे. मी स्टेशनवर येतो. दशम्या घेऊन येतो, त्या डब्यात अनोळखी माणसाला वाटत बसू नको, स्वतः खा.

मामा


लातूर
१४ एप्रिल १९८७

ति. मामांस जयभीम, आणि आजच्या दिवसाचा आणखी एक जयभीम.

दशम्या मी खाल्ल्या. एक शेजारच्या आजींना दिली, रागावू नका. स्टेशनवर गाडी हलल्यावर रुमाल हलवायचा सोडून दोन्ही हात वर केलेत, ते मी पाहिलं.

मुलाखत अशी झाली. समोर तिघं. एक मुंबईच्या कंपनीतले साहेब, एक मनिलाच्या बाई, एक प्राध्यापक. साहेबांनी सुरुवातच केली, "शिफारस गुप्त असते. तुमची साऱ्या गावानं वाचली. आम्ही ती का मानावी?"

श्वास घेतला. म्हटलं, "मानू नका म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे, म्हणूनच मी स्वतःहून कळवलं. पण त्यात चेअरमनची चूक नाही, माझी आहे. उंबरवाडीत बंद पाकीट म्हणजे तक्रार, हे मला आधी कळायला हवं होतं. मी तुमचा नियम त्यांच्यापर्यंत नेला, पण त्यांचा नियम विचारला नाही. पुढच्या वेळी आधी विचारीन."

साहेब म्हणाले, "सगळ्यांसमोर लिहिलं तर लोक गोडच लिहिणार."

मी म्हटलं, "मग उणिवेचा प्रश्न वाचा."

ते हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग मनिलाच्या बाई बोलल्या. त्या निबंध हातात धरून होत्या. म्हणाल्या, "तुम्ही तो चहा घेतला असता, सगळ्यांशी गोडी ठेवली असती, तर काम लवकर झालं नसतं का?"

मी म्हटलं, "लवकर झालं असतं. पण कॅन दोन झाले असते. त्या कपातून मी एकदा प्याले असते, तर एकच कॅन म्हणायला मला तोंड राहिलं नसतं. आणि दोन कॅन भरण्याइतकं दूध त्या गावात नव्हतं. संस्था बंद पडली असती."

प्राध्यापकांनी विचारलं, "म्हणजे हा तुमच्या स्वाभिमानाचा निर्णय होता की धंद्याचा?"

मामा, मला हे दोन वेगळे करता येईनात. मी तसंच सांगितलं. म्हटलं, कदाचित तुमच्याकडं दोन वर्षं शिकून वेगळे करता येतील, पण येऊ नयेत असं वाटतं.

पुढं काय होईल ठाऊक नाही. पण बाहेर आले तेव्हा त्या तिघांतलं कुणीही माझ्याकडं बिचारी म्हणून बघत नव्हतं. बाई दारापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, "गाडी अजून थांबते का?" मी म्हटलं, रोज.

तुमची
पंचशीला


लातूर
२१ मे १९८७

ति. मामांस जयभीम.

निवड झाली. शिष्यवृत्तीही मिळाली. पत्र दुपारी आलं. माय कामावर होती, मी तिथंच पळत गेले. तिनं खडी फोडायची हातोडी खाली ठेवली, पत्र उलटसुलट बघितलं आणि मुकादमाला म्हणाली, "आज माझी हजेरी काटा. मी घरी चालले." मग बायकांकडं वळून, "कलेक्टरला शिकवणारी शाळा हाय ती." मी तिला सुधारलं नाही.

जूनअखेर निघायचं आहे.

पंचशीला


किनवट
२९ मे १९८७

चि. पंचशीला हिस,

पत्र पोचलं. मी पोरांना वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, उंबरवाडीच्या कागदासकट. चहाचं वाक्यही गाळलं नाही. मग एकानं विचारलं, "सर, ती बाई आपल्यातलीच ना?" मी म्हटलं, माझी सख्खी भाची. हे म्हणताना माझा आवाज इतका मोठा निघाला की स्वयंपाकीण बाहेर आली.

तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. हे मी लिहून देतो, जपून ठेव.

एक अडचण आहे. इथं स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, शाळेचे सायेब, जो भेटंल तो एकच विचारून राहिला. "केरबा, खरं सांग, कुणाचा वशिला लावला? एवढं मोठं काम वशिल्याबिगर होत नाही." नाही म्हटलं तर विश्वास ठेवत नाहीत. उलट म्हणतात, लपवतो. आता मी त्यांना काय सांगू?

तुझा
मामा


लातूर
४ जून १९८७

ति. केरबामामांस जयभीम.

नाही म्हणू नका. वशिला होता, असंच सांगा, आणि लई मोठा होता म्हणा. कुणाचा म्हणून विचारलं तर त्यांना बसवून घ्या आणि हे सांगा.

त्या संध्याकाळी कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. रेवणप्पांची सही झाली, साखराबाईची झाली, मन्मथची झाली, खाली अंगठ्यांची दाटी झाली. सगळ्यांत शेवटी भामाबाई उरली. बोटाला शाई लावून ती मागं उभी होती आणि कागदावर खाली जागाच नव्हती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माझं एकीचं काय एवढं." आणि बोट पदराला पुसायला लागली.

रेवणप्पांनी तिला थांबवलं. कागद तिच्याकडं फिरवला आणि आपल्या सहीच्या वरची जागा दाखवली. म्हणाले, "हितं कर."

मनिलाला जो कागद गेला त्याच्यावर सगळ्या सह्यांच्या वर तो अंगठा आहे.

तुमची
पंचशीला